सहा मीटरवरची कुजबुज

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे. हल्ली कानामागे लपणारी, मटाराच्या दाण्याएवढी यंत्रे मिळतात, तसे नव्हे. मी काडेपेटीहून थोडे मोठे, करड्या रंगाचे डबडे आहे आणि खिशात बसते. माझ्यातून एक वायर निघून कानापर्यंत जाते. तिच्या टोकाला कानात बसवायचे बोंड आहे. माझ्या पोटात एक पेन्सिल सेल लागतो. डोक्यावर दातेरी चकती आहे आणि तिच्यावर एक ते पाच आकडे कोरलेले आहेत. एकवर मी पुटपुटते आणि पाचवर किंचाळते. माझ्या मालकाने मला बहुतेक वेळ तीनवर ठेवले.

माझे काम सांगायला सोपे आहे. हवेतला कंप घ्यायचा, त्याची वीज करायची, ती वाढवायची आणि टोकाला पुन्हा कंप करून सोडून द्यायचा. अर्थ लावणे हे माझे काम नाही. पण वर्षानुवर्षे एकाच माणसाच्या छातीला चिकटून राहिले की थोडा अर्थ आपोआप लागू लागतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका बाईने भिंगातून बघत माझ्या तारा जोडल्या. मग भिंतींना नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, जाड थर लावलेल्या खोलीत मला नेऊन बारीक आणि जाड आवाजांच्या शिट्ट्या ऐकवल्या. मी सगळ्या ओळखल्या. माझ्या पाठीवर शिक्का बसला आणि मी खोक्यात गेले. पुढची दोन वर्षे मी डोंगरातल्या एका जिल्हा रुग्णालयाच्या कपाटात होते. बंद यंत्राला शांतता जाणवत नाही असे लोक म्हणतात. मी त्यावर काही बोलत नाही.

मग त्याच डोंगरातल्या बागेश्वर गावी कान तपासायचे एक शिबिर झाले आणि मला जोगा सिंह कोरंगा मिळाला.

जोगा सिंह तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला होता. कपकोटच्या वर, सरयूच्या खोऱ्यात उतारावर त्याचे गाव आहे. उंच, ताठ, केस बारीक कापलेले. तपासणाऱ्या बाईंनी बोंड त्याच्या कानात बसवले, मला त्याच्या लोकरी सदरीच्या, म्हणजे बिनबाह्यांच्या बंडीच्या, खिशात ठेवले आणि चकती फिरवली. तो दचकून छताकडे बघू लागला.

"पाऊस आला?" त्याने विचारले.

"तुमची सदरी आहे ती, चाचा. कापड घासतंय."

माझ्यासारख्या खिशातल्या यंत्राचा हा दोष आहे. जगाच्या आधी आम्ही कापड ऐकतो.

घरी त्याची बायको खिमुली चुलीपाशी मडुव्याच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकऱ्या थापत होती. तिला सवयीने ओरडायची खोड लागलेली.

"ऐकू येतंय?" ती ओरडली.

"अगं हळू! कान फाटला."

"म्हणजे खरंच येतंय?" तिने पीठ लागलेला हात तोंडावर ठेवला. "मग आता जपूनच बोलायला हवं. तुमच्या पाठीमागे मी तुम्हाला काय काय म्हटलंय ते देवालाच ठाऊक."

"आता म्हण की."

"म्हातारा रेडा," ती अगदी हळू म्हणाली.

"हे तर यंत्र नव्हतं तेव्हाही ऐकू यायचं."

ती हसली. तिच्या हसण्यात वरच्या पट्टीचे बारीक कंप खूप होते. जोगा सिंहाने ते किती वर्षांनी ऐकले हे मला सांगता येणार नाही. पण त्याने हळूच खिशावर हात ठेवला आणि मला छातीशी दाबले. कापडाचा केवढा तरी आवाज झाला.

मित्रांनो, तोफेने त्याचे सगळे आवाज नेले नव्हते. तिने निवडून नेले होते. मोठ्या धमाक्याने आधी बारीक आवाज जातात. स, श, थ, फ ही अक्षरे जातात. किटलीची वाफ, बांगड्या, लहान पाखरे जातात. जाड आवाज मागे राहतात. अंगणातल्या बांजाच्या झाडावर घुघुती, म्हणजे होला पक्षी, घुमे; ती त्याला माझ्याविनाही ऐकू येई. म्हणून गावात लोक म्हणत, याला हवे तेव्हा बरोबर ऐकू येते. प्रत्यक्षात कोणीतरी बोलते आहे एवढे त्याला कळे, काय बोलते आहे ते कळत नसे. त्या दोहोंच्या मधल्या जागेत माणूस फार एकटा असतो.

तोफेच्या उजव्या चाकाशी त्याची जागा होती. तोंड पुढे, म्हणजे डावा कान तोफेकडे. चोवीस वर्षे तो तिथे उभा राहिला. कानात कापूस घातला तर हुकूम नीट ऐकू येत नाही, म्हणून कोणी घालत नसे. घालणाऱ्याला बाकीचे 'नवरी' म्हणत.

आता मला त्याची एक चूक सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यातून आले.

फौजेत दर वर्षी तब्येत तपासतात. कानाची परीक्षा साधी असते. जवानाने डॉक्टरकडे पाठ करून सहा मीटरवर उभे राहायचे. डॉक्टर मागून एखादा आकडा कुजबुजणार आणि जवानाने तो मोठ्याने सांगायचा. नोकरीच्या दहाव्या-अकराव्या वर्षी जोगा सिंहाला ती कुजबुज येईनाशी झाली. कान कमजोर ठरला असता तर बढती थांबली असती आणि त्याला तोफेपासून हलवून कुठल्या तरी भांडारात हलके काम दिले असते. त्याची माणसे तोफेपाशी होती.

लछम सिंह दानू त्याच्याच खोऱ्यातला, त्याच तोफेवरचा. वयाने दोन वर्षे लहान, त्याला दाज्यू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणणारा. रांगेत पुढचा नंबर आपला येईल असे तो बघे आणि जोगा सिंहाच्या समोर दारात उभा राही. डॉक्टर मागून कुजबुजला की लछम तोच आकडा आवाज न करता ओठांनी म्हणे. जोगा सिंह ते ओठ वाचून खणखणीत ओरडे, "अडुसष्ट, साहेब!" त्यांच्या बॅटरीत, म्हणजे तोफांच्या तुकडीत, निम्मे लोक असेच पास होत. त्यात कोणाला काही चुकीचे वाटत नव्हते. वर्षामागून वर्षे कागदावर चढत गेले: दोन्ही कान, सहा मीटर, निर्दोष. निवृत्तीच्या तपासणीलाही तेच झाले. शेवटी डॉक्टरने विचारले, काही तक्रार? त्याने टाचा जुळवून उत्तर दिले, काही नाही साहेब, सगळे ठीक.

मी आले तेव्हा त्याचा अर्ज नुकताच परत आला होता. कान फौजेच्या नोकरीत गेले असे मान्य करावे, एवढीच त्यात मागणी होती. उत्तरात लिहिले होते की ही व्याधी सेवेमुळे झालेली नाही आणि सेवेमुळे वाढलेलीही नाही. वयोमानाने असू शकेल. तेव्हा जोगा सिंह एकोणपन्नास वर्षांचा होता.

"वयोमान!" तो खिमुलीला म्हणाला. "चोवीस वर्षं तोफेशेजारी उभा होतो. कान काय काफळं तोडताना झाडाखाली पडले?"

मित्रांनो, त्याला काय हवे होते ते नीट सांगते. अपंगत्वाची पेन्शन मिळाली असती तर ती त्याला नको होती असे नाही. पण संध्याकाळी ओट्यावर बसून तो ते पत्र पुन्हा पुन्हा उघडे तेव्हा त्याचे बोट एकाच शब्दावर थांबे. 'नाही' या शब्दावर. तो शब्द फौजेने खोडावा, एवढे त्याला हवे होते.

बागेश्वरच्या सैनिक कल्याण कार्यालयाबाहेर पंत बाबू टेबल टाकून बसत. ते फौजेतूनच कारकून म्हणून निवृत्त झालेले. माजी सैनिकांचे अर्ज आणि अपिले लिहून देत आणि लिहिताना खडीसाखरेचा खडा दाढेखाली धरून बिनसाखरेचा चहा पीत.

"पहिलं अपील टाकू," पंत बाबू म्हणाले. "डॉक्टरांच्या बोर्डापुढे बोलावतील. हवालदार साहेब, तिथे जाऊन 'सगळं ठीक' म्हणू नका, बरं का. तुम्हा लोकांचा पाय मोडला तरी तुम्ही 'सगळं ठीक' म्हणता. मग आम्ही इथे बसून तो मोडला होता हे सिद्ध करतो."

बोलावणे आले. खाली सपाटीवरच्या लष्करी रुग्णालयात जायचे होते. जीप, मग बस, मग दुसरी बस. खिमुलीने सदरीला इस्त्री केली आणि माझ्यात नवा सेल घातला. मला तो दिवस नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले काम केले.

खोली शांत होती. पंखा बंद होता. डॉक्टर दोन हातांच्या अंतरावर बसून स्पष्ट बोलत होते. माझ्यासारख्या यंत्राला याहून काय हवे? मी प्रत्येक अक्षर उचलून त्याच्या कानात पोहोचवले. जोगा सिंहाने एकही प्रश्न पुन्हा विचारायला लावला नाही. कान मोजायचे यंत्र दुरुस्तीला गेले होते, म्हणून डॉक्टरांनी बोलण्यावरूनच अंदाज घेतला.

"बाकी तब्येत?" त्यांनी शेवटी विचारले.

"एकदम ठीक, साहेब!"

मला वाटले, आपण जिंकलो.

चार महिन्यांनी पत्र आले. संभाषण व्यवस्थित समजते. सेवाकाळातील सर्व तपासण्यांत दोन्ही कान निर्दोष. अपंगत्व मोजण्याइतके नाही. अपील फेटाळण्यात येत आहे.

पंत बाबूंनी पत्र वाचले, चहाचा पेला खाली ठेवला आणि माझ्या वायरकडे बोट दाखवले. "हे लावून गेला होतात?"

"हो. त्याशिवाय प्रश्न कसे ऐकणार?"

"अहो, लंगडा आहे हे दाखवायला जायचं आणि तिथे जाऊन कुबडीवर धावून दाखवायचं? आता ऐका. दुसरं अपील टाकतो. त्याचा निकाल लागेपर्यंत हे यंत्र कुणाच्या दृष्टीला पडता कामा नये. गावातसुद्धा नको. पलीकडच्या गावात एकाच्या विरुद्ध निनावी चिठ्ठी गेली होती. केस तिथेच संपली."

घरी येऊन जोगा सिंहाने माझी वायर गुंडाळली. काळ्या पत्र्याच्या पेटीत, जुना गणवेश आणि डांबराच्या गोळ्या यांच्यामध्ये मला ठेवले. पेटीवर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले होते. झाकण पडले.

मी तिथे तीन वर्षे होते. सेल माझ्या पोटातच राहिला. तो सुजला, फुटला आणि त्याचे हिरवट मीठ माझ्या पितळी पट्ट्यांवर चढले. बाहेर एक माणूस आपण बहिरे आहोत हे सिद्ध करण्यासाठी खरोखर बहिरा राहत होता. त्या तीन वर्षांत तिथे काय झाले ते मला नंतर, एकाच दुपारी, खिमुलीच्या तोंडून कळले.

त्या दुपारी झाकण उघडले ते डाव्या हाताने. उजवा हात गळ्यात बांधलेला होता. खिमुलीने मला बाहेर काढले, फडक्यावर जामीर लिंबू पिळून माझ्या पट्ट्या घासल्या, नवा सेल घातला आणि माझे बोंड नवऱ्याच्या कानात जवळजवळ कोंबले. चकती तिने स्वतः फिरवली, थेट पाचवर.

"हेमाचे बौज्यू, आता ऐका," ती म्हणाली. हेमा ही त्यांची लग्न होऊन हल्द्वानीला गेलेली मुलगी, आणि बौज्यू म्हणजे वडील. नवऱ्याला ती याच नावाने हाक मारी. "परवा मी वरच्या कड्यावर गवत कापत होते. पाय सटकला. हात मोडला तो आवाज मला ऐकू आला. तुम्ही खाली चाळीस पावलांवर लाकडं फोडत होता. पाठ माझ्याकडे. मी किती हाका मारल्या सांगू? घसा बसेपर्यंत. शेवटी पाण्याच्या धारेवरून येणाऱ्या बायकांनी मला उचललं. तुम्ही तेव्हाही लाकडंच फोडत होता."

"मला कसं..."

"मला पुरं करू द्या. तीन वर्षांत मी तुम्हाला काय काय सांगितलं, ठाऊक आहे? चहा हवा का, ते हाताने. जेवायला या, ते हाताने. हेमाला दिवस गेले होते आणि राहिले नाहीत, ते मी कसं सांगितलं? पाटीवर लिहून. पाटीवर! तुमचा कान गेला हे कागदाला पटवायचंय म्हणून तुम्ही माझी जीभ नेलीत."

जोगा सिंहाने चकती तीनवर आणली. मग म्हणाला, "बोर्डाची तारीख आली आहे. चार महिनेच राहिलेत. एवढं झालं की मग..."

खिमुलीने त्याच्याकडे पाहिले. डावा हात हवेत थोडा उचलला आणि सोडून दिला, बस. त्याने बोंड काढले. मला पेटीत नाही, पण कोनाड्यात उलटे ठेवले.

तिने त्या घरात एका दमात इतके बोललेले ते शेवटचे, मित्रांनो. पण ते तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हते.

बोर्डाच्या आधी एक अडचण होती. पंत बाबूंनी ती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवली होती: 'चोवीस वर्षे दोन्ही कान निर्दोष कसे? एक तर कागद खोटे, नाही तर तुम्ही.' ज्याने ओठांनी आकडे सांगितले, त्याने तसे लिहून द्यावे, एवढाच मार्ग होता.

म्हणून एका सकाळी जोगा सिंहाने मला कोनाड्यातून उचलले आणि लछम सिंहाच्या घरी निघाला. हे उत्तर त्याला पाटीवर नको होते.

लछम सिंह आता माजी सैनिक संघटनेचा अध्यक्ष होता. अंगणात उन्हात बसला होता. आत रेडिओ इतक्या मोठ्याने लागला होता की मी थरथरले. जोगा सिंहाने चकती दोनवर आणली.

"दाज्यू! बसा, बसा. आज इकडे कशी वाट चुकलात?"

जोगा सिंहाने सगळे सांगितले. लछम त्याच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होता. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे.

"लिहून कसं देऊ, दाज्यू? आपण सरकारला फसवलं, असं? अध्यक्षाने? उद्या दहा लोक विचारतील, मग तुझी तपासणी कोणी पास केली?"

"तुझं नाव गावात कुणाला कळणार नाही. कागद बोर्डाकडेच राहील."

हे बोलताना जोगा सिंहाला ठसका लागला आणि त्याने तोंड फिरवले. लछम म्हणाला, "हो, हो, यंदा माल्टे चांगले आलेत. घेऊन जा चार."

आतून त्याच्या बायकोने हाक मारली, "अहो, चहा ओट्यावर ठेवलाय!" लछम हलला नाही. तिने पुन्हा हाक मारली. मग ती स्वतःच पेले घेऊन बाहेर आली आणि जोगा सिंहाला म्हणाली, "हल्ली हे असंच. मी बोलले की अध्यक्ष कामात असतात. आणि रेडिओ असा लावतात की खालच्या वाडीतल्या म्हशी दोर तोडतात."

जोगा सिंह लछमकडे पाहत राहिला. मग त्याने तोंड नीट समोर आणले आणि सावकाश विचारले, "लछम, तुलाही?"

"मला काय? मला सगळं ऐकू येतं," लछम फटकन म्हणाला आणि चहात बघू लागला.

जोगा सिंहाने चहा संपवला. चार माल्टे, म्हणजे संत्र्यासारखी फळे, घेतली. घराकडे येताना चिरपाइनच्या झाडांच्या वाळक्या, सुयांसारख्या पानांवर त्याची पावले घसरत होती आणि मला फक्त ते घसरणे आणि त्याचा श्वास ऐकू येत होता. लछम पूर्वी दर रविवारी पत्ते खेळायला येई. त्यानंतर तो आला नाही.

दुसऱ्या बोर्डाला जोगा सिंह एकटा गेला. मी खिशात होते, पण बोंड रुमालात गुंडाळून दुसऱ्या खिशात ठेवलेले. मुख्य डॉक्टर एक मेजर होत्या, चाळिशीच्या, चष्म्यातल्या. या वेळी यंत्र चालू होते. त्यांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून प्रत्येक कान मोजला आणि आलेख शेजारच्या डॉक्टरांपुढे धरला.

"इथे बघा. चार हजार कंपांपाशी थेट दरीत उतरतो आणि पुढे आठ हजारांपाशी पुन्हा थोडा वर येतो. वयाने गेला असता तर उतरतच गेला असता. आणि डावा उजव्यापेक्षा वाईट आहे."

"पण सेवेतले कागद?" दुसरे डॉक्टर म्हणाले. "दर वर्षी सहा मीटर."

मेजर बाई उठल्या. त्यांनी खुणेने जोगा सिंहाला भिंतीकडे तोंड करून उभे राहायला सांगितले. पावले मोजत त्या मागे गेल्या. सहा मीटर. खोलीत दुसरे कोणी हलले नाही.

मित्रांनो, प्रवासात कधीतरी माझी चकती फिरून मी चालू झाले होते. जोगा सिंहाला ते माहीत नव्हते. म्हणून मेजर बाई कुजबुजल्या ते मला ऐकू आले. "चौऱ्याऐंशी." अगदी स्वच्छ. मी ते उचलले, वाढवले, वायरीतून पाठवले, आणि ते पलीकडच्या खिशात, रुमालाच्या घडीत जाऊन विझले. "सत्तावीस." तेही विझले. "त्रेपन्न."

तो सावधान उभा होता. मान ताठ, नजर भिंतीवर. त्याच्यासमोर चुन्याचा कोरा पांढरा रंग होता. त्याला काही विचारले जात आहे हेसुद्धा त्याला कळत नव्हते. बऱ्याच वेळाने तो वळून न बघताच म्हणाला, "मॅडम साहेब, सुरू करायचं तर करा. मी तयार आहे."

मेजर बाई जागेवर परत आल्या, त्याच्या दोन खिशांमधून जाणारी माझी वायर त्यांनी पाहिली आणि कानाकडे बोट करून त्याला बोंड लावायची खूण केली.

"हवालदार साहेब, मग इतकी वर्षं तुम्ही पास कसे होत होता?"

मला त्याच्या छातीचे ठोके कापडापेक्षा मोठे ऐकू आले.

"फसवून," तो म्हणाला. "समोर एक जण उभा राहायचा. ओठांनी सांगायचा. मी तोफ सोडून जायला तयार नव्हतो, म्हणून. चूक माझी आहे. पण कान तिथेच गेले, मॅडम साहेब. ते खोटं नाही."

"त्याचं नाव?"

"आठवत नाही."

"किती वर्षं एकत्र होता?"

"अठरा."

"आणि नाव आठवत नाही?"

"नाही, मॅडम साहेब."

त्यांनी पेन उचलले, काही क्षण तसेच धरले. "तुमच्या तोफेचा नंबर आठवतो?"

त्याने सहा आकडी नंबर एका श्वासात सांगितला. मेजर बाईंनी तो लिहून घेतला आणि नावाची जागा कोरी सोडून पान उलटले.

पत्र सात महिन्यांनी आले. जोगा सिंहाने ते ओट्यावर उभ्यानेच फोडले. मी या वेळी त्याच्या कानात नव्हते, कोनाड्यात होते. त्याने आत येऊन मला उचलले, खिशात ठेवले, बोंड बसवले, चकती तीनवर आणली आणि मग चुलीपाशी बसलेल्या खिमुलीला मोठ्याने वाचून दाखवले. श्रवणशक्तीचा ऱ्हास तोफखान्यातील सेवेमुळे झाला आहे. अपील मान्य.

खिमुलीने भटाच्या, म्हणजे काळ्या सोयाबीनच्या, डाळीतला डाव बाजूला ठेवला. हात पुसला. पत्र घेऊन कपाळाला लावले आणि देवापुढे ठेवून आली.

"झालं," जोगा सिंह म्हणाला. "आता हे लपवायचं नाही. दिवसभर लावतो. बोल आता."

खिमुलीने त्याच्याकडे पाहिले. "काय बोलू?"

"काहीही. राहिलेलं सगळं."

ती खरोखर विचार करत होती. ती रागावलेली नव्हती. राग मला ओळखता येतो, त्यात श्वास आखूड होतो. तिचा श्वास संथ होता. ती शोधत होती आणि तिला सापडत नव्हते.

"गाय दूध कमी देतेय," ती शेवटी म्हणाली. मग तिने सवयीने पाच बोटे जुळवून तोंडाकडे नेली. जेवायला बसा.

तो बसला. मला डाव ऐकू आला, जळणारे लाकूड ऐकू आले, त्याच्या घासाघासाला सदरीचे कापड ऐकू आले. माझी चकती तीनवर होती, सेल नवा होता, आणि माझ्यापाशी पोहोचवण्यासारखे काहीही नव्हते.

याला आता पाच वर्षे झाली. फौजेच्या रुग्णालयाने त्याला कानामागची दोन नवी यंत्रे देऊ केली होती. त्याने ती आणली आणि त्यांची खोकी कोणाला न सांगता लछम सिंहाच्या ओट्यावर ठेवून आला. लछमने ती वापरली की नाही हे मला माहीत नाही. खालच्या वाडीतल्या म्हशी मात्र शांत आहेत असे धारेवरच्या बायका म्हणतात. मी अजून सदरीच्या खिशात आहे. माझी वायर दोनदा तुटून जोडली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे यंत्र असेल तर वापर नसताना त्याचा सेल काढून ठेवा. ओल लागू देऊ नका. ज्याला कमी ऐकू येते त्याच्याशी बोलताना समोर येऊन बसा आणि ओरडू नका. ओरडल्याने जाड अक्षरे वाढतात, हरवलेली बारीक अक्षरे परत येत नाहीत. 'सगळे ठीक' असे कोणी फार पटकन म्हणाला तर थोड्या वेळाने पुन्हा विचारा. आणि एखाद्याचे दुखणे खरे आहे की नाही हे कागदावर ठरेपर्यंत त्याच्याशी बोलायचे थांबवू नका. त्यानेही तुमच्याशी थांबवू नये. कागद केव्हातरी येतो. मधली वर्षे त्याच्यासोबत येत नाहीत.

मला मोजायची सवय आहे, ती कारखान्यातूनच लागलेली. पत्र आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात खिमुली नवऱ्याशी दिवसाला चार वाक्ये बोलत असे. दुसऱ्या वर्षी सात. गेल्या हिवाळ्यात नऊ-दहा. जोगा सिंह तिला घाई करत नाही. तो चुलीपाशी डाव्या अंगाला बसतो, मला खिशातून काढून सदरीच्या बाहेर, गुडघ्यावर ठेवतो, म्हणजे कापड मध्ये येत नाही, आणि वाट बघतो.

काल चौदा झाली.